उकिरड्याचे पांग

एका जंगलात एक उकिरडा होता. नाकं काय मुरडता? गोष्ट त्याचीच आहे. सरळ बसा आणि ऐका.

जंगलाच्या बाजारातली सालं, देठं, नासकी वांगी तिथं पडत. त्यावर छबडी डुकरीण आपली सात पिल्लं पोसायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

एके दिवशी परमुलखातून उदाजीराव उदमांजर आले. त्यांच्या अंगाला उपजतच सुवास. त्यामुळे ते विद्वान आहेत, हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं. त्यांनी उकिरड्यातलं पपईचं साल उचललं, हुंगलं आणि डोळे मिटले.

"अहाहा! याला कचरा म्हणता? अरे, हे तर लावण्य!"

सभा भरली. हारतुरे झाले. उकिरड्याला कुंपण पडलं. सालं वाळवली, कुटली, त्यांचं मलम करून डब्यांत भरलं. अस्वलीणबाईंनी ते अंगभर चोपडलं. कातडं उजळलं म्हणे! आता एवढ्या केसांखालचं कोण बघायला जातंय?

छबडी कुंपणाशी आली. "अहो उदाजीराव, माझ्या पोरांनी खायचं काय?"

"छबडीमावशी, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. ते आज फिटले! तुम्ही आनंद मानायचा, तर खाण्याचं काय काढता?"

त्या आठवड्यात छबडीचं धाकटं पिल्लू उपाशी मेलं. सहा उरली.

इकडे मलम इतकं खपलं, की सालं पुरेनात. मग फर्मान निघालं : दिसेल ते फळ तोडा, सोला, सालं आणून द्या. आणि गर? एवढा गर कोण खाणार! टाकाऊच तो. ढीगच्या ढीग गर पलीकडच्या ओढ्यात पडू लागला.

छबडीनं पोरांना ओढ्यावर नेलं. महिन्याभरात मायलेकरं अशी तुकतुकीत झाली, की बघत राहावं.

झालं! जंगलभर बोंब उठली. "डुकरिणीनं मलम चोरलं!"

तिला भर सभेत उभं केलं. "पोरांची शपथ," छबडी रडत म्हणाली, "आम्ही नुसता गर खाल्ला हो."

सगळे फिदीफिदी हसले. "खाऊन कुणी सुंदर होतं का, येडे?"

उदाजीराव मात्र हसले नाहीत. त्यांनी कान टवकारले.

दुसऱ्याच दिवशी ओढ्यालाही कुंपण पडलं. पुढच्या बाजाराला नवी डबी आली : 'छबडी गर, पोटातून लावायचं मलम'. झाकणावर छबडीचं हसरं चित्र. किंमत दुप्पट.

छबडीचा सत्कार झाला. नारळ आणि एक डबी. नारळ सत्कारानंतर परत घेतला, कारण त्याच्या शेंडीचं काहीतरी करायचं होतं. डबी रिकामी होती.

पिल्लांनी झाकणावरची आई ओळखली. सहाही जणं ते झाकण चाटत बसली.

तात्पर्य : मुलांनो, टाकाऊतून टिकाऊ जरूर करावं. ते कुणाच्या तोंडचं काढलं, हे मात्र विचारू नये. मलमाला घाण वास सुटतो.