मॉरिशसची गठाण

आमच्या शेजारचे दामूशेठ पाटील गेला महिनाभर रोज संध्याकाळी बरोबर पाच वाजता आपली नवीकोरी बॅग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली अंगणात फेकत होते. धप्प! मग धावत जिना उतरायचे, बॅग उघडायचे आणि आतले पापड तपासायचे. किती मोडले, किती शाबूत.

पहिल्या दिवशी मी घाबरून बाहेर आलो. म्हटलं, नवरा-बायकोचं भांडण म्हणावं तर वहिनी जाऊन चार वर्षं झाली. हे काय?

"टेस्टिंग, मास्तर," दामूशेठ म्हणाले. "इमानतळावरचा झाला तरी हमाल तो हमालच. फेकनारच तो."

दामूशेठ मॉरिशसला निघाले होते.

आता मला सांगा, एखाद्याचा जळफळाट होईल की नाही? बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. बेटं, प्रवाळ, खारे वारे, मतलई वारे सगळं तोंडपाठ. आणि मी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी कुठलं, तर भिवंडीची खाडी! चौथीतून शाळा सोडलेला हा माणूस नारपोलीत कापडाच्या गठाणी बांधण्यात उभा जन्म घालवतो, राहनाळच्या वडिलोपार्जित जमिनीवर गोडाऊन उभं राहतं, भाडं सुरू होतं आणि हा चालला मॉरिशसला. घ्या!

गठाण बांधायची सवय मात्र हातातून गेली नव्हती. बॅगेला कुलूप असतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. बॅगेला त्यांनी चारी बाजूंनी गोणपाट लावलं, दाभणाने टाके घातले आणि वर काळ्या शाईने ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'दामोदर पाटील, मु. मॉरिशस. पाण्यापासून सांभाळा.'

"अहो, ते बेट आहे," मी म्हणालो. "सगळीकडे पाणीच आहे."

"म्हनून तर लिवलं."

रोज बॅग फेकायची, टाके उसवायचे, पापड बघायचे, पुन्हा टाके घालायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "क्या शेठ, मॉरिशस?" की हे खूश. "एकदम टाईट पॅकिंग!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी पेपर तोंडासमोर धरून आत चडफडायचो.

त्यातून एक प्रश्न ते मला दर दोन दिवसांनी विचारायचे. "मास्तर, तुमचा पासपोर्ट चालू हाय ना?"

हा खास मला टोचायला विचारतोय, अशी माझी खात्री होती. निवृत्त झालो तेव्हा हौसेने पासपोर्ट काढला होता. आधी मुलीचं लग्न निघालं, मग हिचं गुडघ्याचं ऑपरेशन. एकही शिक्का न पडता गेल्या दिवाळीत त्याची मुदत संपली. पण ते यांना कशाला सांगू? "चालू आहे की! एकदम चालू!" मी ठणकावून सांगायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "तिकडं हवा कशी असते?" आणि माझ्यातला सैतान जागा झाला. "भयंकर थंडी," मी म्हणालो. "माकडटोपीशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही." दामूशेठनी मान डोलावली. भूगोलाच्या मास्तरावर अविश्वास कोण दाखवणार? मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

गेल्या शनिवारी सकाळी ते घरी आले. खांद्यावर गोणपाटात शिवलेली बॅग होती.

"मास्तर, एजंट घाई करतोय. तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स द्या."

"माझ्या? ती कशाला?"

त्यांनी बॅग खाली ठेवून माझ्याकडे वळवली. ही दुसरीच बॅग होती, वर माझं नाव होतं. मु. मॉरिशस.

"आधी इचारलं असतं तर तुमी पैशाचं कारन काढून न्हाय म्हनाला असता," ते म्हणाले. "म्हनून पासपोर्टचंच इचारत होतो. वैनींना सांगून ठेवलंय, त्या लेकीकडं ऱ्हातील."

मी हिच्याकडे पाहिलं. ही स्वयंपाकघरात सटकली.

"पण मी कशाला, दामूशेठ?"

"आमच्या ओटीवर बसून खडूनं हे बेट काढून दाखवलेलं तुमी मला. आमची ही पन बसलेली तवा. म्हनाली होती, जाऊ एकदा. आता ती न्हाय. मी एकटा बघीन वो. पन काय बघतोय ते सांगनार कोन?"

बॅगेच्या कोपऱ्यात टाका सैल होता. तिथून करड्या लोकरीची टोपी डोकावत होती. त्यांनी ती हौसेने ओढून दाखवली. "दोन घेतल्या. तुमी बोल्लात ना, थंडी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सगळं सांगून टाकलं. पासपोर्ट केव्हाच मेलाय, थंडीही नाही, काहीच नाही, मी नुसता जळत होतो. "तुम्ही जा," म्हणालो. "माझ्यापायी थांबू नका."

दामूशेठनी टोपीची घडी घालून ती पुन्हा बॅगेत कोंबली. मला वाटलं, आता उठून जातील आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत.

"नवीन काढायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर धरा. पण तुमचं जाणं..."

"अवो, बेट हाय ते, मास्तर. उठून जानार कुठं?"

बॅग खांद्यावर टाकून ते निघाले. ही पदराने डोळे पुसत चहा घेऊन आली, तोवर ते जिना उतरले होते.

त्या संध्याकाळी पाच वाजता धप्प आवाज झाला. मी पेपरमधून मान वर केली नाही. तेवढ्यात पुन्हा एकदा धप्प झालं.

"मास्तर, खाली या!" अंगणातून हाक आली. "तुमचे पापड तुमीच मोजा!"