बर्फनगरात आपला माणूस

लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतात म्हणून कारभारी गायके यांनी बायकोला विचारलं, की तुला काय पाहिजे. हे त्यांनी विचारायला नको होतं. पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं आणि संसार बरा चालला होता. पण क्रांती चौकातल्या टपरीवर चहा पिताना ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला असं विचारायची पद्धत आहे. पद्धत म्हटली की कारभारी ती पाळत. (पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. परिपत्रक आलं की पाळायचं, का आलं ते विचारायचं नाही.)

त्यांना वाटलं होतं, आवडाबाई साडी म्हणतील. फार तर मिक्सर. आवडाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मला बर्फ बघायचाय."

कारभारींनी फ्रीजकडं पाहिलं.

"तो नाय. पडलेला. असा हातात घेऊन बघायचाय."

मे महिना होता. पारा बेचाळीसवर होता, नळाला पाणी आठव्या दिवशी येत होतं, आणि ही बाई बर्फ मागत होती. पण तिची मागणी अगदीच हवेतली नव्हती. शहराबाहेर वैजापूरच्या रस्त्याला 'स्वप्नलोक' नावाचा मोठा पार्क झाला होता. त्यात 'बर्फनगर' म्हणून एक गोदामाएवढं दालन होतं, आणि तिथं यंत्रानं बर्फ पाडत. शेजारणीच्या मोबाईलवर आवडाबाईंनी ते पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पंख्याखाली बसून, घाम पुसत, त्यांनी त्यासाठी एक निळा स्वेटरसुद्धा विणायला घेतला.

बातमी माहेरी पोचली. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आडत असलेल्या मेहुण्याचा, नानासाहेबांचा, फोन आला. "दाजी, मी इथूनच बुक करून देतो. आता समदं स्लॉटवर असतं. ऐनवेळी गेलं तर काय मिळत नाय."

सासुरवाडीच्या माणसानं बुकिंग करायचं आणि आपण बायको घेऊन जायचं, हे कारभारींना नाक कापल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "काही गरज नाही. आपला माणूस आहे तिथं."

कारभारींचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता, एक शिक्क्यावर आणि दुसरा ओळखीवर. गॅसची टाकी, मुलाची अ‍ॅडमिशन, एसटीतली खिडकीची जागा, सगळं त्यांनी ओळखीनं मिळवलं होतं. रांग ही ज्यांची ओळख नसते त्यांच्यासाठी असते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. अनोळखी माणूस भेटला तरी ते त्याचं गाव विचारत, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि तिसऱ्या मिनिटाला तो त्यांचा पाहुणा निघे.

पार्कातला माणूस म्हणजे बन्सी. कारभारींची चुलत बहीण देवगाव रंगारीला दिलेली. तिच्या दिराचा, भिकनचा, हा मुलगा. मागच्या लग्नसराईत पंगतीत शेजारी बसलेल्या भिकननं सांगितलं होतं, "पब्लिक लाईन लावून बन्सीसंगं फोटो काढतंय, पाव्हणं. सायबांची पोरं गळ्यात पडत्यात त्याच्या. लई मान हाय तिथं." कारभारींनी जिलबी खाता खाता हिशोब केला. ज्याच्याबरोबर लोक रांग लावून फोटो काढतात तो मॅनेजरच्या खाली असूच शकत नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी बन्सीला फोन केला. बन्सी म्हणाला, "या मामा. म्या गेटवरच असतो." मॅनेजर स्वतः गेटवर घ्यायला येणार म्हटल्यावर कारभारींनी इस्त्रीचा शर्ट घातला.

सकाळी दहाला दोघं गेटवर पोचले. बन्सी दिसेना. फोन लावला तर वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. खिडकीवरच्या काचेत लाल आकड्यांत तिकिटाचा दर लिहिलेला होता आणि दर अर्ध्या तासाला तो वाढत होता. गर्दी वाढली की दर वाढतो, असं खिडकीतल्या मुलीनं सांगितलं. कारभारींनी विचारलं, की गर्दी कमी झाली की कमी होतो का. ती म्हणाली, गर्दी कमी होत नाही. शिवाय मोबाईलवरून न घेता खिडकीवर घेतलं म्हणून वेगळा 'सोयीचा आकार' होता. कुणाची सोय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सर, ते सिस्टीम घेतं."

कारभारी चिडले. गावच्या जत्रेत पाळणेवाला हातानं पैसे घ्यायचा, आणि ओळखीचा निघाला तर दोन फेरे जास्त मारायचा. कांद्याचा भावसुद्धा चार माणसांसमोर बोली लावून वाढतो. इथं भाव आपोआप वाढत होता आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

आणि अशात एक अस्वल त्यांच्याजवळ आलं. तपकिरी, ढोल्या पोटाचं, कायम हसणारं. आत माणूस असतो तसलं. कारभारी त्याला म्हणाले, "बाजूला हो बाबा, आमचा माणूस यायचाय." अस्वल बाजूला झालं नाही. ते वाकलं आणि त्यांच्या पाया पडलं. मग आवडाबाईंच्या पाया पडलं. भोवतीची पोरं हसायला लागली. कारभारींनी घाबरून पुन्हा बन्सीला फोन लावला, तर अस्वलाच्या पोटात रिंग वाजली.

कारभारींनी फोन कापला. लोक खरोखरच रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढत होते. साहेबांची पोरं खरोखरच त्याच्या गळ्यात पडत होती. भिकन एक शब्दही खोटा बोलला नव्हता.

अस्वलाला बोलायची परवानगी नव्हती, बोललं तर त्या दिवसाचा पगार कापत. त्यामुळं पुढची चौकशी मानेवर झाली. पास आहे का? अस्वलानं नाही म्हणून मान हलवली. सवलत? अस्वलानं दोन्ही पंज्यांची मिळून सात बोटं दाखवली. सात टक्के का? नाही. सात दिवस आधी सांगायचं होतं, असं त्याचं म्हणणं निघालं. तोवर काचेतला आकडा आणखी एकदा वाढला आणि आवडाबाईंनी पदराच्या गाठीतले पैसे काढून नवऱ्याच्या हातावर ठेवले.

पुढं गार्डनं घरून आणलेला डबा अडवला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, पण पोटात असेल तर चालतं, असा नियम होता. दोघांनी गार्डसमोर उन्हात उभं राहून आठ धपाटे संपवले. मग मनगटाला पट्टी बांधली, पट्टीसाठी अनामत रक्कम घेतली, आणि पट्टीत पैसे भरायला लावले. आत रोख चालत नव्हतं आणि पट्टीतले उरलेले पैसे सहा वाजता पार्काचे होत होते. मग अ‍ॅप उतरवून घेतलं. अ‍ॅपनं कारभारींची जन्मतारीख, रक्तगट आणि आवडता रंग विचारला. एवढी माहिती त्यांच्या सेवापुस्तकातसुद्धा नव्हती.

बर्फनगरच्या दाराशी पोचले तेव्हा एक वाजला होता. अ‍ॅप पुढचा मोकळा स्लॉट सातचा दाखवत होतं.

"सातचा द्या," कारभारी दारावरच्या माणसाला म्हणाले.

"पार्क सहाला बंद होतो, सर."

"मग सातला आत कोण जातं?"

"अजून कुणी गेलेलं नाही, सर."

कारभारींनी त्याचं गाव विचारलं. तो नागपूरचा निघाला. मामाचं गाव विचारलं, तर तेही नागपूर. ओळख निघायला काही जागाच नव्हती.

समोरच्या बाकावर बसून आवडाबाईंनी पिशवीतून निळा स्वेटर काढला, मांडीवर ठेवला, त्याच्या बाह्या सरळ केल्या आणि पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला. त्या भांडल्या असत्या तर कारभारींना बरं वाटलं असतं. नानासाहेबांचं ऐकलं असतं तर आत्ता ही बाई आत असती, हे त्यांना कळत होतं, आणि हे तिलाही कळतंय हेही कळत होतं. "मी आलोच," असं म्हणून ते बन्सीला शोधायला निघाले.

कॅन्टीनच्या मागं बन्सीनं अस्वलाचं मुंडकं काढून काखेत धरलं होतं आणि तो तांब्यातलं पाणी घटाघटा पीत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, एक रस्ता हाय. पर तुमाला पटायचा नाय."

बर्फनगरात एक पांढरं अस्वल लागे. ते काम कडूबा नावाचा माणूस करायचा. बाहेर बेचाळीस आणि आत उणे पाच, असं दिवसातून दहा वेळा करून त्याला ताप भरला होता आणि तो नुकताच घरी गेला होता. तीन ते पाच कुणीतरी पाहिजे होतं. बर्फातल्या अस्वलाचं काम करणाऱ्याला, आणि फक्त त्यालाच, घरच्या एका माणसाचा पास मिळायचा, लगेच, स्लॉटशिवाय.

"मी वरिष्ठ लिपिक आहे, बन्सी."

"आतून कोण हाय ते दिसत नाय, मामा."

कारभारींना बाकावरची पिशवी आठवली. ते हो म्हणाले. सबंध दिवसात त्या पार्कात ही एकच गोष्ट त्यांना अशी मिळाली, जिला ना स्लॉट होता, ना अ‍ॅप, ना सोयीचा आकार.

बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं, की आपल्या माणसानं शब्द टाकलाय, पास एकच आहे, तू जा. माझा गुडघा धरलाय, मी सावलीत बसतो. खरं सांगायची सोयच नव्हती. दाजी अस्वल झाले, हे तासाभरात वैजापूरच्या यार्डात पोचलं असतं. आवडाबाई क्षणभर अडल्या. एकटीनं जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण मग त्यांनी स्वेटर काढला.

सुपरवायझरनं कारभारींच्या डोक्यावर मुंडकं बसवलं आणि म्हणाला, "बात नहीं करने का, चचा. बच्चे लोगां मारे तो भी हसते रहने का." मुंडकं आधीपासूनच हसत होतं, त्यामुळं ते काम सोपं होतं.

आत बर्फ भुरभुर पडत होता. अस्वलाच्या जबड्यातल्या जाळीतून कारभारींना आवडाबाई दिसल्या. भाड्याच्या जाकिटाखाली निळा स्वेटर होता. लोक मोबाईल वर धरून स्वतःचे फोटो काढत होते. आवडाबाई खाली बसल्या. ओंजळ भरून बर्फ उचलला, नाकाशी नेला, गालाला लावला आणि हसल्या. ही बाई अशी हसते हे कारभारींना माहीत होतं. पण मधे बरीच वर्षं त्यांनी ते पाहिलं नव्हतं, आणि त्या वर्षांत आपण नक्की काय करत होतो, हे त्यांना आठवेना. त्यांना हाक मारावीशी वाटली. मारता येत नव्हती. म्हणून त्यांनी पंजा हलवला. आवडाबाईंचं लक्ष नव्हतं. मग ते नाचले. त्यांना वरातीतला एकच नाच यायचा. दुसऱ्याच गिरकीला त्यांचा पाय सटकला आणि ते धाडकन उताणे पडले. पोटामुळं उठता येईना. चार पोरं आनंदानं त्यांच्यावर चढली.

पोरांना हुसकावून हात दिला तो आवडाबाईंनीच. "ऊठ रं बाबा. जेवलास का नाय?" त्यांनी अस्वलाच्या पाठीवरचा बर्फ झटकला. "बन्सीसंगंच असतोस व्हय तू? गाव कोणतं तुझं?"

आयुष्यभर सगळ्यांना गाव विचारणारे कारभारी या एका वेळी गप्प बसले.

"आमचे बाहेर बसलेत उकाड्यात," आवडाबाई हळूच म्हणाल्या. "त्येंनाबी दावायचा होता बर्फ. पर एकच पास गावला."

अस्वलाचे डोळे भरून आले. ते काचेचे असल्यामुळं कुणाला दिसलं नाही.

पाचनंतर कारभारी बाकावर आले तेव्हा ते घामानं भिजले होते आणि सटासट शिंकत होते. आवडाबाईंचा चेहरा अजून थंड आणि लाल होता. त्या वाटेभर बर्फाबद्दल बोलत होत्या. तो मिठासारखा नसतो, किसलेल्या खोबऱ्यासारखा असतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तुम्ही आज लई मोठं काम केलं, असंही एकदा म्हणाल्या. कारभारींची छाती फुगली. गुडघा मात्र आता खरोखरच धरला होता.

बाहेर पडायच्या खिडकीवर पट्टीची अनामत परत मिळायची होती. पण अ‍ॅपमध्ये अभिप्राय भरल्याशिवाय ती परत देत नव्हते. आवडाबाईंचा चष्मा घरी राहिला होता. "तुम्ही टाका, मी सांगते," त्या म्हणाल्या.

बर्फाला पाच तारे. कारभारींनी पाच दाबले. थंडीला पाच. दारावरच्या माणसाला चार. शेवटी पांढऱ्या अस्वलाचं चित्र आलं.

"एक," आवडाबाई म्हणाल्या. "आन् खाली लिहा, अस्वल गरीब हाय, पर वय झालंय. नाचता येत नाय, पडतंय. पोराबाळांच्या अंगावर पडायच्या आत दुसरं ठेवा."

कारभारींचा अंगठा काचेवर थांबला. "एक म्हणजे फारच झालं. तीन देऊ या. बिचारा एवढ्या थंडीत उभा होता."

आवडाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "तुम्ही का एवढी बाजू घेताय त्येची? कोण लागतो तुमचा?"

मागं रांग वाढली होती. कारभारींनी नाक पुसलं.

"कुणी नाही," ते म्हणाले आणि एक तारा दाबला.