एक फ्रेम मागं

रेकॉर्डिंगच्या आधी गुणवंतराव कॉम्प्युटरला उपास घडवायचे. इंटरनेटची वायर काढायची, व्हायरसचा चौकीदार बंद करायचा, पडद्यावरचा गणपतीसुद्धा काढून पडदा काळा करायचा. "याले एकच काम द्या, मास्तर. माणसावानीच आहे हे. दोन कामं सांगतले का दोन्ही बिघडवते."

बाभुळगाव रोडवर दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. मधे काच, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. शाळा सुटली की मी तिथे आवाज द्यायला जाई. त्या वर्षांत कापसाचं पार वाटोळं झालं होतं, आणि म्हणूनच आम्हाला काम होतं. फवारणी कशी करावी, धीर कसा धरावा, अशा फिल्मा हिंदीत नाही तर तेलुगूत बनून येत आणि आम्ही त्या वऱ्हाडीत करत असू. चौथ्या वर्षी 'हिंमत सोडू नका' म्हणताना माझ्याच आवाजात हिंमत उरली नव्हती.

फिल्म रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की चित्र अडखळे. आवाज सरळ पुढं, चित्र मागं. दुसरा कोणी अंदाजपंचे उरकून मोकळा झाला असता. गुणवंतराव आधी फिल्म बारीक करून पोस्टकार्डाएवढी करत. त्यात तास जाई. मग पडद्यावरची आवाजाची रेघ, जी आवाज वाढला की जाड होते, ती आणि माणसाचे ओठ जुळवत बसत. "ओठ पाहा, मास्तर, ओठ! एक फ्रेम मांगं आहे."

एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. मी एकदा वैतागून म्हणालो, "गावात चादरीवर दाखवतील हो. कोणाला कळणार?"

"लोकायचा आधीच कोणावर भरोसा नाही राह्यला. तोंड एक आन् आवाज दुसरा दिसला, तर औषधाचं माप तरी कोण खरं मानन?"

मी पुन्हा माइकसमोर जाऊन बसलो.

पूर्वी एका सभेला आम्ही मैदानाच्या पार मागे उभे होतो. पुढाऱ्याचे ओठ आधी हलत, आवाज मागून येई. पाच मिनिटांत गुणवंतराव निघाले. "सहा फ्रेम मांगं आहे. चला घरी." शेजारच्यांना वाटलं, विरोधी पक्षाचे असतील.

एका दुपारी महागावकडे फिल्म पाठवायची होती. फवारताना तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, एवढंच त्यात होतं. पण ते न केल्यानं माणसं आजारी पडत होती. लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टरवर काम चाललेलं. मधेच वीज आली आणि माझ्या डोक्यावरचा पंखा खडखडत फिरू लागला. मी कसंबसं वाक्य संपवलं. काचेपलीकडे गुणवंतरावांनी अंगठा उंचावला. "एक नंबर! ओठ बसले!"

मी त्यांच्या खोलीत गेलो. पाठीमागूनच म्हणालो, "गुणवंतराव, पंखा सुरू होता." ते वळले नाहीत. पुन्हा म्हणालो. तरीही नाही.

मी समोर जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"रेघ जरा जाड दिसली. मले वाटलं, चश्मा पुसाले पायजे." मग म्हणाले, "उजवा कान कवाचाच गेला. डावा दिवाळीपासून. कोणाले सांगू नका, मास्तर. कामं बंद होतीन. दुसरं मले काय येते?"

इतके दिवस मी यांच्या फ्रेमची मनातल्या मनात टिंगल करत होतो, याची फार लाज वाटली. पंखा बंद करून आम्ही पुन्हा घेतलं. ओठ त्यांनी पाहिले, हेडफोन लावून मी ऐकलं.

सामान आवरताना त्यांचा मोबाइल थरथरला. नागपूरला दिलेल्या मुलीचा फोन. ते पडद्यावरच्या नावाकडे नुसते बघत राहिले.

"उचला ना," मी त्यांना दिसेल असं समोर वाकून म्हणालो.

"उचलून काय करू? फोनले ओठ नसते."

मीच उचलला. ती रडवेली झाली होती. "बाबा, महिना झाला, काहून फोन उचलत नाही? रागावले का माह्यावर?"

मी त्यांच्यासमोर बसलो आणि तिचं वाक्य, आवाज न काढता, एकेक शब्द ओठांनी सांगितलं. गुणवंतराव माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग फोन त्यांनी आपल्या हातात घेतला, डाव्या कानाला घट्ट लावला.

"नाही वं माय, कायले रागवू?" ते म्हणाले. "तू बोलत राय. मी ऐकून राह्यलो."