रुमालाआडचं हसू

होणाऱ्या सासऱ्यांनी द्राक्षमळ्यांची सहल काढली, तिथेच आपल्या दातांच्या डॉक्टरला शंका आली. जन्मात थेंब घेतला नाही असं जगाला ऐकवणारा माणूस समुद्रकाठी वाइन कशी करतात ते बघायला कशाला निघेल? मग मुलीनेच फोनवर सांगून टाकलं. बाबांना जावई पारखायचाय. पेला समोर आला की माणूस कळतो म्हणे. तू पिणारा निघालास तर लग्न मोडलं समज.

झालं. पहिलाच मळा. ऊन मी म्हणतंय, खारा वारा सुटलाय, आणि डॉक्टरच्या हातात पेला. समोर सासरे लिंबूपाणी घेऊन टक लावून बसलेले. त्यांच्या बाजूला सासूबाई, नेहमीसारखा तोंडाला रुमाल लावून हसताहेत. टेबलापाशी एक बादली. चव घ्यायची आणि थुंकून टाकायचं, अशी तिथली रीत. डॉक्टर खूश. तो पेशंटला दिवसभर दुसरं काय सांगतो? त्याने घोट घेतला, सवयीने या गालातून त्या गालात खळखळवला आणि बादलीच्या मधोमध अशी पिचकारी सोडली, की बाहेर एक थेंब नाही.

मळा दाखवणारा बघतच राहिला. "साहेब, हे फक्त मुरलेल्यांनाच जमतं."

सासऱ्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

म्हणून दुसऱ्या मळ्यावर तो थुंकलाच नाही. गिळली. रिकाम्या पोटी, भर उन्हात. कान लालबुंद. सासरे सासूबाईंच्या कानात कुजबुजले ते सगळ्यांना ऐकू गेलं, की बघ, घशाखाली कशी सराईतपणे उतरली.

तिसऱ्या मळ्यावर त्याने पेल्याला हातच लावला नाही.

"का हो, नको?" सासरे म्हणाले.

"नको. मी घेत नाही."

"म्हणजे सोडलीत. सोडली म्हणजे आधी होती."

सासूबाईंच्या पलीकडे बसलेल्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. सासरे उठले. निकाल द्यायला त्यांनी मोठा आ केला आणि कलतं ऊन नेमकं त्यांच्या खालच्या दातांवर पडलं. मागच्या बाजूला जांभळंकाळं किटण. हे एका दिवसाचं काम नव्हे, आणि लिंबूपाण्याचं तर नव्हेच नव्हे.

डॉक्टरने त्यांना हळूच द्राक्षवेलींच्या आड नेलं. "बाबा, हे डाग रेड वाइनचे. चांगले मुरलेत. दवाखान्यात या, काढून देतो. आपल्या दोघांतच राहील."

सासऱ्यांनी तोंड मिटलं. बोलायला उघडलं, तेही जेमतेम. "हिला कळता कामा नये."

आणि बाहेर येऊन खणखणीत आवाजात सांगितलं, की मुलगा सज्जन आहे, तारीख बघायला घ्या.

गाडीकडे जाताना सासूबाई मुद्दाम मागे रेंगाळल्या. सासरे पुढे गेलेत ना, एवढं पाहिलं. मग तोंडावरचा रुमाल जरासा खाली केला.

"जावईबापू, माझेही बघता का? फक्त यांच्या कानावर जाऊ देऊ नका."