सिन्योर मफी

आप्पा परब हॉटेलची पाटी वाचत नाहीत. ते दारात उभे राहून आत जेवणाऱ्यांचे पाय बघतात. शुक्रवारची दुपार, बहरीनच्या नईम भागातली गल्ली, ऊन डोक्यावर, पोटात कावळे, आणि हे गृहस्थ कमरेत वाकून टेबलांखाली नजर फिरवतायत. बुटांना सिमेंट लागलेलं दिसलं की म्हणणार, "चल झिला, हयसर जेवक गावतला." बूट चकाचक दिसले की पुढचं हॉटेल. एकदा एका गल्लेवाल्याने न राहवून विचारलं, "चाचा, चप्पल चोरी हुआ क्या?"

"सिमेंटवालो माणूस वायट जेवण दोनदा खाणा नाय," हे आप्पांचं तत्त्व. आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, की ते आजवर एकदाही चुकलेलं नाही.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हे सगळं मी जळफळाटातून लिहितोय. मी सांगलीचा. डिप्लोमाला असताना आमच्या मेसच्या डाळीत डाळ असावी या मागणीसाठी मी चार पत्रकं काढली, एकदा प्राचार्यांच्या दारात ताटं वाजवली. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. बहरीनला पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागलो, आणि पहिल्याच वर्षी मला एक ढळढळीत अन्याय दिसला. त्याचं नाव आप्पा परब.

आमचं बाटल्या भरायचं मशिन इटलीचं. ते बनवणारी कंपनी एका डोंगराळ गावात आहे. आजूबाजूला नजर जाईल तिथवर द्राक्षाचे मळे, आणि गावाच्या वाइनचं नाव जगभर. हौशी लोक तिथे येऊन एका जेवणावर आमचा महिन्याचा पगार उडवतात. दर शरदात ही कंपनी दोन आठवड्यांचं ट्रेनिंग ठेवते. आमच्याकडून एकाच माणसाला पाठवतात, आणि लागोपाठ चार वर्षं तो माणूस म्हणजे आप्पा. कुडाळकडचे, शिक्षण नववी, इंग्रजी 'ओके' आणि 'नो गुड' एवढंच.

बरं, गेले तर गेले. आमच्यातला दुसरा कुणी असता तर भत्ता वाचवायला बॅगेत उपम्याची पाकिटं भरून नेली असती आणि पंधरा दिवस हॉटेलच्या किटलीत पाणी उकळत बसला असता. आप्पांनी तेवढ्याच भत्त्यात राजासारखं जेवून दाखवलं. वर परत येऊन ते आम्हाला सांगितलं, तेही नेमकं आमच्या कॅन्टीनची पातळ डाळ समोर असताना. याला मी मानसिक छळ म्हणतो.

"चार भाषांत लिवलेली पाटी दिसली की पळ काढूचो," आप्पा भाताचा घास थांबवून सांगायचे. "चौकाच्या मागच्या गल्लीत जावचा. गवंडी, ड्रायव्हर, मळेवाले खय शिरतत ता बघूचा. थयसर दुपारचा जेवण एकच. ती बाय सांगात ता खावचा. आधी शेवयो, मगे दुसरा काय ता, पाव, पाण्याचो जग, कॉफी. खलास. पैसे आपल्या बिर्याणीएवढे."

"आणि वाइन?" मी दात आवळून विचारायचो.

"जगभर नाव आसांदे, माका काय तेचा? मी पाणी पितंय."

ऐकताय ना? ज्या वाइनसाठी लोक विमानं पकडतात, तिच्या गावात जाऊन हा माणूस पाणी पितो! मला पाठवलं असतं तर निदान त्या वाइनची कदर तरी झाली असती.

संध्याकाळी म्हणे एक ग्लास काहीही मागितला की सोबत ताटलीभर खाणं फुकट येतं. चीज, पावाचे तुकडे, ऑलिव्ह. आप्पा द्राक्षाचा रस मागवायचे आणि त्यावर रात्रीचं जेवण उरकायचे. शनिवारच्या बाजारात चीजवाला चव बघायला द्यायचा, ती आप्पा इतक्या गंभीरपणे बघायचे, की त्याला वाटायचं माणूस दुकानच विकत घेणार. आणि समुद्रापासून लांब त्या डोंगरात लसूण आणि खारवलेली मासळी तेलात शिजवून त्यात भाज्या बुडवून खातात, हे सांगताना तर त्यांचे डोळे भरून यायचे. "सुकटीचो वास, झिला. डोंगरात. माका आवशीची याद इली."

मोठं मांस नको, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कसं सांगितलं, ते कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे. डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरून आप्पा भर हॉटेलात मान हलवत म्हणाले, "मफी! मफी!" मफी म्हणजे नाही, हा आपल्या आखातातला शब्द. इटलीत तो कुणाच्या बापाला ठाऊक असणार? पण मालकीणबाईंना बरोबर कळलं. तेव्हापासून तिथे आप्पांचं नाव सिन्योर मफी.

पाचव्या वर्षी पुन्हा आप्पांचंच नाव लागणार असं कळलं आणि मी निवेदन लिहायला घेतलं. 'प्रशिक्षणाची संधी आळीपाळीने मिळणे हा प्रत्येक कामगाराचा हक्क असून...' असं पानभर. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा साठीचे होऊन कायमचे कुडाळला जाणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची खेप, हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं, चार झाल्या. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सह्या गोळा करत लाइनीवरून फिरत होतो तर आप्पांनीच हाक मारली. "काय ता? दी हय." चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. नववीवाल्या माणसाला बराच वेळ लागला. मग पेन मागितला आणि सही केली.

"आप्पा, हे तुमच्याविरुद्ध आहे," मी म्हटलं.

"बरोबर लिवलंस," ते म्हणाले. "'आळीपाळीन' ह्या तर एकदम बेस्ट."

मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

निवेदन मान्य झालं, माझं नाव लागलं, व्हिसाही झाला. निघायच्या आदल्या दिवशी आप्पा उम्म अल हस्समला माझ्या खोलीवर आले. हातात मुहर्रकच्या बाजारातल्या मऊसूत हलव्याचा डबा. "थयल्या जेवणाच्या टेबलार पिएरो म्हणान एक म्हातारो आसता. तेका दी. बिनबदामाचो हा. मुद्दाम करून घेतलंय."

आप्पा गेल्यावर माझी ट्यूब पेटली. हेच ते! हा पिएरो नक्की ट्रेनिंगचा साहेब असणार. चार वर्षं हलवा चारून जागा पटकावली! आणि लाच देतानाही बदाम वाचवले!

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी मी तत्त्वाप्रमाणे पाय बघत मागच्या गल्लीतलं ते हॉटेल शोधलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक म्हातारा बसला होता. समोर मोकळी खुर्ची. बाकी सगळं भरलेलं होतं, म्हणून मी तिथे बसलो.

मालकीणबाई धावत आल्या. मला दंडाला धरून उठवलं, बाजूचं एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसवलं. खुर्ची पुन्हा टेबलाशी नीट सरकवली. त्यांची सून थोडं इंग्रजी बोलायची. ती म्हणाली, "सॉरी. ती सिन्योर मफींची आहे. ते या आठवड्यात येतात ना."

म्हातारा म्हणजेच पिएरो. साहेब कसला, निवृत्त गवंडी. बायको वारल्यापासून घरात चूल नाही, रोज इथेच जेवतो. सून म्हणाली, आप्पा आले की दोघं समोरासमोर बसतात, पंधरा दिवस. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नाही. एक कुडाळचं बोलतो, एक इथलं, आणि दोघं खोखो हसतात.

मी डबा उघडून पुढे ठेवला. पिएरो हसला. तोंडात एकही दात नव्हता.

आता मी काय लिहू? ट्रेनिंगची जागा मी पानभर मजकूर लिहून, सतरा सह्या घेऊन मिळवली होती. त्या खुर्चीसाठी कुणाकडे निवेदन द्यायचं? इथपासून सांगलीपर्यंतच्या सात हजार किलोमीटरमध्ये माझ्यासाठी एक स्टूलसुद्धा कुणी अडवून ठेवलेलं नाही. मी बाहेर आलो आणि आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मला तुमच्या खुर्चीवरून उठवलं!"

पलीकडे बाटल्यांच्या लाइनीचा खडखडाट. त्यातून आप्पांनी विचारलं, "माझी अजून ठेवल्यानी हा?"

"ठेवलीय."

"आणि पिएरो? खाता मां?"

मी कसा पोहोचलो, जेवलो का, काही नाही. "खातोय," मी म्हटलं. "पाव डबा संपवला."

"पाणी दी तेका मधी मधी. ठसको लागता."

मी आत गेलो आणि पाण्याचा जग उचलला. पिएरोचा ग्लास भरला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हलव्याचा चमचा हातात तसाच धरून तो दाराकडे बघत होता.