हिंवानें जळालें आणि ज्वलन शब्दें युद्ध टळलें, त्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. जो चुलींत अन्न शिजवितो, समईंत उजेड देतो आणि मर्यादा सोडिली तर गांव खातो, त्यास नमन करून हकीकत ऐसी जे, शके सोळाशें बावीस, विक्रमनाम संवत्सरीं, पौषमासीं, नदीकांठच्या एका राज्यावर थोर अनर्थ येतां येतां राहिला. ते राज्यीं नागेशभट आंबवणे म्हणोन शास्त्री होते. त्यांस महाराजांनीं तोफांच्या दारूखान्याकरितां नेमके शब्द करावयास आज्ञापिलें होतें. लोकांचें बोलणें ऐसें कीं भाकरी जळाली, पोट जळालें, जीव जळाला आणि गंजी पेटली तरी तीही जळालीच. मग शास्त्रीबोवांनीं विचार करून ज्वलन हा शब्द नेमिला आणि भर दरबारीं अर्थ सांगितला कीं, "वस्तु जळाऊ पाहिजे, वारा पाहिजे आणि पेट घेण्याजोगा ताप पाहिजे. तिहींचा मेळ होऊन धग निघे, उजेड पडे, मागें धूर वा राख राहे, त्यास ज्वलन म्हणावें. तिहींतील एक काढिलें कीं ज्वलन सरलें." ऐसें म्हणोन तेवत्या दिव्यावर घागर पालथी घातली, आणि उचलून दाखविली तों दिवा विझलेला. महाराज संतोषले, परंतु सेनापति सर्जेराव मोहोळकर हांसोन बोलिले, "भटजी, घर पेटल्यावर ज्वलन ज्वलन म्हणेतों छप्पर खालीं यावयाचें!" दरबार खदखदां हांसला आणि शास्त्रीबोवा घरीं येऊन न जेवितांच निजले.

पुढें थोडक्याच दिवसांत सरहद्दीकडोन जासूद दौडत आला, तापानें फणफणला होता, "पिकें जळालीं! शिवारेंच्या शिवारें काळीं पडलीं!" इतकें बोलोन घोड्यावरून कोसळला आणि शुद्ध हरपली. मग दरबारांत एकच कल्लोळ जाहला. नदीपलीकडील राज्याशीं जुनें वांकडें होतें, त्यांनींच आग लाविली ऐसें सर्वांनीं ठरविलें, आणि सर्जेरावांनीं नगारा करवून फौजेस कूचाचा हुकूम दिला. तेव्हां शास्त्रीबोवा उठोन म्हणाले, "महाराज, जळालीं हें खरें. परंतु ज्वलन जाहलें, हें कोणीं पाहिलें?" महाराज म्हणाले, "शब्द तुमचा, तर पाहणेंही तुमचें. तुम्ही येईतों फौज नदी उतरणार नाहीं." शास्त्रीबोवा जन्मांत घोड्यावर बसले नव्हते, ते आयाळीस मिठी मारोन, रामनाम घेत, सरहद्दीस पावले.

तेथें पाटलीण साळूबाई बांधावर डोकीस हात लावून बसली होती. शास्त्रीबोवांनीं पुसिलें, "बाई, आग कोणीं लाविली?" ती म्हणाली, "आग? कसली आग जी? हिंवानं जळालं न्हवं का! पहाटं दंव गोठलं आन् हरबरा काळा ठिक्कर पडला. पल्याडच्यांचंबी तसंच झालंया." शास्त्रीबोवांनीं वांकोन माती हुंगली, धुराचा वास नाहीं, हात फिरविला, राख नाहीं. काळें पान मुठींत आवळिलें तों पाणी ठिबकलें. तेव्हां आनंदें त्यांस हसूं फुटलें, आणि साळूबाईच्या मुखाकडे दृष्टि जातांच तें जागींच मावळलें, कीं हिचें तर वरीस बुडालें. "माये, क्षमा कर," म्हणाले, आणि रोपें उपटोन पंच्यांत बांधोन माघारे फिरले.

नदीकांठीं दोन्हीं तीरांस फौजा समोरासमोर उभ्या. सर्जेराव म्हणाले, "काळें दिसतें तें जळालेंच कीं!" शास्त्रीबोवांनीं पान त्यांच्या तळहातावर पिळोन दिधलें. "ज्यांतून पाणी गळतें, त्याचें ज्वलन कैसें जाहलें, सेनापति? आणि आपलें शेत आपण कोण जाळितो? पलीकडे पाहावें." महाराजांनीं पाहिलें तों पैलतीरींही शिवार तैसेंच काळें. मग महाराजांनीं शेला काढोन हालविला आणि सर्जेरावांस घेऊन बिनहत्यारें होडींत बैसले. पलीकडील राजेही उतरोन पाण्यापाशीं आले, आणि प्रथम शब्द बोलिले तो हाच कीं, "आमचेंही जळालें." सर्जेरावांनीं तें ऐकोन हातावरील ओल पाहिली. मग त्यांनींच बोलणें काढिलें कीं एवढे गडी जमलेच आहेत, तरी पाट खणावा, उन्हाळी मूग निघेल. भाले ठेवोन कुदळी घेतल्या, दोन्हीं तीरांस एकच काम लागलें. सेनापतींच्या हातास फोड आले, आणि चैत्र सरतां हिरवें दिसूं लागलें.

पुढें आज्ञा जाहली कीं राजकारणी निरोपांत खऱ्या आगीस ज्वलन म्हणावें, आणि रयतेचें जळणें रयतेकडे राहूं द्यावें. मुगाच्या शेंगा भरल्या तेव्हां साळूबाईनें शास्त्रीबोवांस शेतावर बोलाविलें, तीन दगडांची चूल फुंकली आणि जाळ धरतांच हांक मारिली, "या बोवा, ज्वलन झालं! वरणाला आता उशीर न्हाई." शास्त्रीबोवा म्हणाले, "बाई, शब्द बरोबर योजिला," आणि पानावर बैसले.

तात्पर्य, शब्द नेमका असावा आणि तो म्हणणारानें जाऊन पाहावें. दोन्हीं तीरांच्या चुली पेटत्या राहोत. इति.