झाडावरचा चिकू

"आज पिक्चरमध्ये तोंड उघडायचं नाही," चपला सरकवता सरकवता बकुळाबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

हरिश्चंद्र सरांनी मुकाट्याने मान हलवली. तीस वर्षं डहाणूत फिजिक्स शिकवलेल्या या माणसाला पिक्चरला नेणं म्हणजे घरादाराला संकट होतं. नायकाने इमारतीवरून उडी मारली की सर मांडीवर बोटाने गणित करायला लागत, आणि उत्तर आलं की ते सगळ्या रांगेला सांगत. मागच्या दिवाळीत पुढच्या गृहस्थाने वळून विचारलं होतं, "मास्तर, शिकवणी संपली असेल तर पिक्चर बघू का?" आपली ही खोड सरांनाही ठाऊक होती. पण शिंक आणि चूक सुधारणं, या दोन गोष्टी त्यांना कधी आवरल्याच नाहीत.

आजचं प्रकरण नाजूक होतं. निशिगंधाने पसंत केलेला पीयूष मुंबईत पिक्चरसाठी कॉम्प्युटरवर स्फोट, आगी आणि परके ग्रह तयार करायचा. पहिल्याच भेटीत सरांनी त्याला विचारलं होतं, "अंतराळात ऑक्सिजन नसताना तुम्ही आग लावता कशी?" पोरगा न जेवताच मुंबईला परतला होता. आता आठ महिने राबून केलेला पिक्चर दाखवायला तो स्वतः आला होता.

"पप्पा, परत काही बोललात तर तो पुन्हा घरी यायचा नाही," निशिगंधा काकुळतीला आली होती.

बकुळाबाईंनी मात्र पीयूषला मनातून जावई करूनच टाकलं होतं. त्याच्या आईसाठी सकाळीच वाडीतले चिकू उतरवून घेतले होते. ती पिशवी सांभाळायला वाडीत कामाला येणारा, सायवन गावचा लडक्या सोबत होता. चिकू उतरवण्यात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत कोणाचा नव्हता.

पिक्चर सुरू झाला. काळ्याकुट्ट अंतराळात धडाम आवाज करून यान फुटलं. 'हवा नाही तर आवाज कुठून?' हा प्रश्न सरांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी झटकन पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. पुढे नायक हेल्मेट न घालता चंद्रावर नाचला. सरांनी दोन गोळ्या टाकल्या.

अर्ध्या तासात गोळ्या संपल्या, आणि भलतंच घडलं. सर रंगले! नायकाचा म्हातारा बाप पोराला वाचवायला जळत्या ग्रहावर एकटा मागे राहिला, तेव्हा सरांनी चक्क रुमाल काढला. इतकी वर्षं आपण पिक्चर बघायला येतच नव्हतो, पेपर तपासायला येत होतो, हे त्यांना एकदम उमगलं. स्वतःची त्यांना लाजच वाटली.

तेवढ्यात पडद्यावर नायक पोचलेल्या नव्या ग्रहावरचं एकुलतं एक झाड आलं. नायकाने फांदीवरचा चिकू तोडला, दोन तुकडे केले, एक नायिकेला भरवला आणि दुसरा स्वतः खाल्ला.

"अगं बाई! झाडावरनं काढून थेट तोंडात?" बकुळाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "चार दिवस पिकवायला नको?"

बिनहवेचे स्फोट निमूट गिळलेलं थिएटर या चिकूला मात्र अडलं. निम्मे लोक चिकूच्या वाडीवालेच होते.

"चीक लागेल रे, चीक!"

"आता दोघांचे ओठ सुटायचे नाहीत!"

"गप्प बसा!" सर कडाडले. "पिक्चर बघू द्या की शांतपणे!"

बकुळाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. पीयूष मात्र उठून बाहेर गेला होता. सगळे त्याच्या मागे धावले.

"काकू, ते झाड मीच बनवलंय," तो पडेल आवाजात म्हणाला. "डहाणूची आठवण म्हणून. निशिगंधासाठी."

बकुळाबाईंचा चेहरा उतरला. निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते पाहून सर पुढे झाले.

"अहो, तो ग्रह वेगळा! तिथलं तापमान वेगळं. तिथे चिकू झाडावरच पिकतो."

"आणि चीक?" बकुळाबाईंना राहवलं नाही.

"गुरुत्वाकर्षण कमी ना! चीक... देठातच राहतो."

असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला सरांनी अर्धा मार्कही दिला नसता.

"सर सांगतात ता खरा आसंल," लडक्या गंभीरपणे म्हणाला. "आपले इकडं झाडावर पिकलेला गावतो तो वटवाघळाचा उष्टा."

पीयूषला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. हसू ओसरल्यावर तो सरांकडे वळला. "काका, खरं सांगा. बाकीचं विज्ञान कसं वाटलं?"

तीस वर्षांचं फिजिक्स सरांच्या घशाशी उसळून आलं. त्यांनी खिसा चाचपला, तर गोळी एकही नव्हती. त्यांनी पोरीकडे पाहिलं, लडक्याच्या पिशवीत हात घातला आणि हाताला लागलेल्या चिकूचा कचकन चावा घेतला.

"अहो, कच्चा आहे तो!" बकुळाबाई ओरडल्या.

सरांची जीभ आखडली, ओठ चिकटले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी फक्त जोरजोरात मान हलवली.

"काका, एवढं आवडलं?" पीयूषने विचारलं. तो वाकून त्यांच्या पायाच पडला.

त्याच संध्याकाळी घरी लग्नाचा महिना ठरला. सरांचं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तरी त्यांचे ओठ अजून सुटले नव्हते.